चार किलोच्या मशीनमध्ये नऊ किलो गॅस : नेरुळमधल्या एका घराचं प्रकरण

२०२५ च्या मे महिन्यात एका दुपारी फोन आला. पलीकडे घरातल्या सूनबाई होत्या. "दादा, डक्टवाल्या एसीत गॅस भरायचाय. किती घ्याल?" मी विचारलं, शेवटचा गॅस कधी भरला होता? उत्तर आलं, "मार्चमध्ये." म्हणजे दोन महिनेही धड झाले नव्हते. मी म्हटलं, "आज गॅस भरणार नाही, आधी बघायला येतो. मशीन बंद करू नका, चालूच राहू द्या."

हे सगळं प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात एकावर एक दोन आजार होते. पहिल्याने दुसऱ्याला झाकून ठेवलं होतं. चार वर्षं त्या घरात माणसं येत होती, गॅस भरत होती आणि जात होती. त्यातला कुणी चोर होता असं मला वाटत नाही. गॅस गेला कुठे, हा प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही.

घर नेरुळला, पाम बीच रस्त्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर. दुमजली रो-हाऊस. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाचा वास गच्चीपर्यंत येतो, इतकी खाडी जवळ. काका निवृत्त, काकू, मुलगा-सून आणि एक नात. २०१७ मध्ये त्यांनी साडेपाच टनाचं डक्टेबल मशीन बसवलं. इनडोअर युनिट पहिल्या मजल्यावर बाथरूमच्या वर फॉल्स सीलिंगमध्ये, तिथून डक्ट (थंड हवा नेणारे बोळ) हॉलला आणि दोन बेडरूमला. आउटडोअर गच्चीवर. थ्री फेज, इन्व्हर्टर नसलेला साधा स्क्रोल कॉम्प्रेसर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह (इनडोअरमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणारी तोटी), गॅस आर-४१०ए. आउटडोअरच्या पाटीवर भरणी ३.८ किलो. घरातला पाईप कंपनीने धरलेल्या लांबीपेक्षा चार मीटर जास्त. द्रव झालेला गॅस आत नेणाऱ्या तीन सुती पाईपला, म्हणजे लिक्विड लाईनला, मीटरमागे ५० ग्रॅम धरले की आणखी २०० ग्रॅम. म्हणजे या मशीनचा एकूण गॅस ४ किलो. हा आकडा लक्षात ठेवा.

काकांची वही

मी शिडी लावायच्या आधीच काकांनी एक वही पुढे केली. पाठकोरी, वरच्या कोपऱ्यात "एसी" लिहिलेली. त्यात मशीन घेतल्यापासूनची प्रत्येक सर्व्हिस तारखेसह होती. मला १९ वर्षांच्या धंद्यात अशी वही फार थोड्या घरांत दिसली. गॅसच्या नोंदी अशा : एप्रिल २०२२, दीड किलो. एप्रिल २०२३, एक किलो, पुढे कंसात "प्रेशर ७० ओके". एप्रिल २०२४, तीन किलो. मार्च २०२५, साडेतीन किलो.

बेरीज नऊ किलो. मशीन चार किलोचं.

एसीचा गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही, मिक्सरच्या पात्यासारखा झिजत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. घरातली उष्णता घेऊन बाहेर टाकतो आणि परत येतो. वीस वर्षं चाललेल्या मशीनमध्येही पहिल्या दिवशी भरलेलाच गॅस असू शकतो, आणि असे कितीतरी फ्रिज आपल्या घरांत आहेत. "दरवर्षी गॅस भरावाच लागतो" हे वाक्य ग्राहकांच्या तोंडी इतकं बसलंय की आमच्यातलेही काही जण ते खरं मानून चालतात. गॅस कमी झाला म्हणजे नळीला कुठेतरी भोक पडलं आहे. यापलीकडे त्याला दुसरा अर्थ नाही.

"प्रेशर ७०" या नोंदीवर मी जरा थांबलो. ७० हा आकडा आर-२२ चा आहे. आम्ही शिकलो तेव्हा सगळीकडे आर-२२ होता, आणि सक्शनला (गॅस कॉम्प्रेसरकडे परततो त्या पाईपला) ६५-७० पीएसआय (प्रेशरचं माप) आलं की काम झालं असं हातात बसलेलं असायचं. आर-२२ त्या प्रेशरला साधारण ५ अंशांवर उकळतो, म्हणजे कॉइल (इनडोअरमधलं नळ्यांचं जाळं) थंड होते पण गोठत नाही. आर-४१०ए ची गोष्टच वेगळी. ७० पीएसआयला तो उणे ९ अंशांच्या आसपास उकळतो. त्याला ४-५ अंशांवर उकळायला ११८-१२० पीएसआय लागतं. म्हणजे २०२३ मध्ये आलेल्या माणसाने जुन्या सवयीने मशीन अर्धवट भरून सोडलं होतं. काकूंना तो उन्हाळा चांगला आठवत होता. "पाईपवर बर्फ यायचा हो, आणि पीओपीतून पाणी टपकायचं. तो मुलगा म्हणाला, बर्फ येतोय म्हणजे कूलिंग जोरात आहे." बर्फ हे कूलिंगचं नाही, आजाराचं लक्षण आहे. बर्फाचा थर कॉइलवर गोधडीसारखा बसतो आणि हवा आत जाऊ देत नाही.

वहीतली आणखी एक नोंद मला तेव्हा महत्त्वाची वाटली नाही, ती पुढे उपयोगी पडली : "जाने. २०२०, लग्नाआधी काम. पीओपी, वरचं बाथरूम."

गेज लावण्याआधी

माझा नियम आहे, पहिला अर्धा तास गेज (प्रेशर मोजायची मीटरं) पेटीतच राहू द्यायचे. आधी थर्मामीटर, हात आणि कान. हॉलमधून परत जाणारी हवा २७ अंश, जाळीतून येणारी २०. फरक ७. निरोगी मशीनमध्ये तो १० च्या आसपास हवा. बाहेर सावलीत ३३. फिल्टर स्वच्छ होता, काका दर पंधरा दिवसांनी धुतात. तिन्ही फेजचा करंट पाटीवरच्या आकड्याच्या आत. आउटडोअरचा पंखा ठीक, कंडेन्सर (आउटडोअरची कॉइल) धुतलेला.

पण हॉलमध्ये उभं राहिलं की शीळ घातल्यासारखा बारीक आवाज येत होता. आवाजाचा माग काढला तर तो हवा परत ओढणाऱ्या जाळीतून, म्हणजे रिटर्नमधून, येत होता. चार फूट लांब आणि जेमतेम सहा इंच रुंद अशी देखणी फट, आजूबाजूला कोव्ह लाईट. मी काकांना विचारलं, ही जाळी पहिल्यापासून अशीच? ते म्हणाले, "नाही, आधी मोठी होती, दीड फूट रुंद. लग्नाच्या वेळी पीओपीवाल्याने छोटी केली, दिसायला बरी म्हणून."

हिशोब साधा आहे. एका टनाला मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा लागते. साडेपाच टनाला २,२००. आधीची जाळी सहा चौरस फुटांची होती, तिच्यातून हवा सावकाश जायची. आता दोन चौरस फुटांतून तेवढीच हवा ओढायची म्हणजे वेग तिप्पट, आवाज वाढला आणि हवा कमी झाली. मी सगळ्या जाळ्यांवर हवा मोजायचं मीटर फिरवलं. बेरीज १,३०० च्या पुढे जाईना.

मग गेज लावले. सक्शन ९२ पीएसआय. आर-४१०ए साठी म्हणजे कॉइलमध्ये उणे अडीच अंश. बहुतेक घरांत निर्णय इथेच होतो : प्रेशर कमी, गॅस कमी, सिलिंडर उघडा. मलाही विशीत असंच शिकवलं गेलं होतं. पण नुसतं प्रेशर बघून काही कळत नाही, त्याच्या शेजारी पाईपचं तापमान लिहावं लागतं. सक्शन पाईप अडीच अंश. म्हणजे उकळल्यानंतर गॅस पाच अंश आणखी तापून कॉम्प्रेसरकडे चालला होता. याला आम्ही सुपरहीट म्हणतो, आणि पाच हा अगदी चांगला आकडा. गॅस कमी असता तर कॉइल लवकर कोरडी पडून हा आकडा १२-१५ वर गेला असता. लिक्विड बाजूला ३३५ पीएसआय, म्हणजे ४० अंश, आणि पाईप ३६. म्हणजे द्रव झाल्यावर गॅस चार अंश आणखी थंड झाला होता, याला सबकूलिंग म्हणतात. जरासं कमी, पण ओरडण्यासारखं नाही.

म्हणजे त्या क्षणी गेज सांगत होते : गॅस जवळपास बरोबर आहे, कॉइलवरून हवा कमी जातेय. ग्राहकाची वही सांगत होती : दर वर्षी गॅस संपतोय. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

झाकण निघालं

काकांची परवानगी घेऊन रिटर्नच्या बाजूचा सीलिंगचा अख्खा पत्रा खाली उतरवला. आत कॉइलच्या पुढच्या तोंडाला काही नव्हतं, पण आरसा धरून हवा शिरते त्या बाजूने पाहिलं तर ओल्या कापसासारखा मळ बसला होता. जाळीच्या कडेने, फिल्टरला वळसा घालून पाच वर्षं येत राहिलेली धूळ. तो मळ कॉइलच्या पाण्याने आणि ब्रशने काढायला माझ्यासोबतच्या मुलाला दोन तास लागले. पंखे उघडे ठेवून कॉइल वाळवली आणि पत्रा न लावताच मशीन चालू केलं. आता हवा २,०५० वर गेली.

वीस मिनिटांनी पुन्हा आकडे घेतले आणि चित्र उलटं झालं. सक्शन १०४ पीएसआय, म्हणजे अर्धा अंश. सक्शन पाईप १५. सुपरहीट साडेचौदा! लिक्विड ३४५ पीएसआय, म्हणजे ४१ अंश, पाईप साडेएकोणचाळीस. सबकूलिंग दीड. आता गेज स्पष्ट सांगत होते की गॅस कमी आहे.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त शिकवून गेली ती ही वीस मिनिटं. हवा कमी होती तेव्हा कॉइलकडे उष्णताच कमी येत होती. तेवढ्या थोड्या कामाला अपुरा गॅसही पुरत होता, आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह आपलं तोंड बारीक करून सुपरहीट छान पाचवर धरून ठेवत होता. भुकेल्या माणसाला अर्धीच भाकरी वाढली आणि त्याने कामही अर्धंच केलं, तर वरून सगळं ठीक दिसतं. हवा पूर्ण मिळाली, काम वाढलं, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि तेव्हा कळलं की पाठीमागे द्यायला गॅसच नाही. मी पहिल्या आकड्यांवर विसंबून "तुमचा गॅस ठीक आहे, फक्त हवा अडली होती" असं सांगून निघालो असतो, तर महिन्याभरात काकांनी मला पुन्हा बोलावलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

म्हणून आता मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगतो : हवा आधी, गॅस नंतर. हवा दुरुस्त केल्याशिवाय गॅसबद्दल तोंड उघडायचं नाही.

काळं पडलेलं तांबं

आता भोक शोधायचं. आधी गच्चीवर. दोन्ही सर्व्हिस पिनांच्या (गेज लावायच्या तोंडांच्या) टोप्या गायब होत्या. साबणाचं पाणी सोडलं तर सक्शनच्या पिनेवर मिनिटाला एखादा बारीक बुडबुडा येत होता. ही गळती गॅस भरणाऱ्यांचीच देणगी. पिन उघडायची, गेज लावायचे आणि टोपी खिशात घेऊन जायची. पितळी टोपीच खरी सील असते. पण एवढ्याशा बुडबुड्याने दोन महिन्यांत किलोभर गॅस जात नाही. पाईप जोडणारे फ्लेअर नट सगळे कोरडे.

खाली इनडोअरमध्ये लीक डिटेक्टर फिरवताना तो ड्रेनच्या तबकाजवळ (कॉइलवरून ठिबकणारं पाणी इथे जमून पाईपने बाहेर जातं), कॉइलच्या डाव्या टोकाला चिरकू लागला. बॅटरी धरून पाहिलं. कॉइलचे बाकीचे यू-बेंड (नळ्यांची वळणं) तपकिरी होते, जुन्या पैशासारखे. तबकाजवळचे सहा-सात मात्र काजळी फासल्यासारखे काळे. बोट लावलं तर बोटालाही काळं लागलं. दोन बेंडवर तेलाचा ओलसर डाग. गॅस जिथून निघतो तिथून थोडं तेलही घेऊन निघतो, त्यामुळे असा डाग दिसला की तिथे साबण लावायचाच.

तांबं तपकिरी पडतं ते साध्या हवेने. काळं पडतं ते गंधकाच्या वायूने. तो गटारात असतो, नाल्यात असतो, खाडीच्या चिखलात असतो. पण खाडीची हवा सगळ्या कॉइलवरून जाते. मग फक्त तबकाकडची बाजूच काळी का?

काकू खालून म्हणाल्या, "मशीन सुरू केलं की पहिली पाच मिनिटं कुजकट वास येतो हो. आम्हाला वाटायचं ओहोटी असेल." मी ड्रेनच्या पाईपचा माग काढत गेलो. तो पाईप पूर्वी बाल्कनीतून बाहेर सोडलेला होता. २०२० मध्ये बाथरूमचं काम झालं तेव्हा प्लंबरने तो भिंतीत घेऊन बेसिनच्या पाईपला जोडला होता, आणि तोही बेसिनच्या ट्रॅपच्या (वास अडवायला पाणी साठवणाऱ्या वळणाच्या) पुढे. म्हणजे एसीचं तबक आणि गटाराचा पाईप यांच्यामध्ये पाण्याचा अडसरच नव्हता. या युनिटमध्ये ब्लोअर कॉइलच्या मागे आहे, त्यामुळे कॉइलच्या जागेत हवा ओढली जाते. रिटर्नची जाळी छोटी केल्यावर ही ओढ आणखी वाढली. ब्लोअरला वरून हवा पुरेना, म्हणून तो खालून, ड्रेनमधून, गटाराची हवा ओढू लागला. आणि ती हवा सगळ्यात आधी तबकाजवळच्या ओल्या तांब्याला भेटत होती.

एकाच महिन्यातली दोन कामं, दोन वेगळे कारागीर, आणि दोघांनीही आपापलं काम नीटनेटकंच केलं होतं. पीओपी सुंदर होती, बाथरूमही. पण पीओपीवाल्याने मशीनची हवा अडवली, प्लंबरने गटार उघडं करून दिलं आणि दोन वर्षांनी तांब्याला भोकं पडली.

मी हे समजावत असताना काकू देवघरातून चांदीचं निरांजन घेऊन आल्या. "घासून आठ दिवस होत नाहीत तोच हे असं काळं पडतं. आधीच्या घरी तर महिना-महिना टिकायचं." देवघर हॉलमध्येच, मशीनच्या जाळीसमोर. मला तिथे दुसरा पुरावा लागला नाही. ऐरोली-महापे भागात जी डेटा सेंटरं उभी राहिली आहेत, तसल्या ठिकाणी हवा यंत्रांना मानवते का हे पाहायला तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या टांगून ठेवतात आणि त्यांच्यावर किती थर चढला ते मोजतात. आयएसए ७१.०४ हे त्याचं मानक, आणि तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा (हे अतिसूक्ष्म जाडीचं माप) कमी थर असेल तर हवा सौम्य समजतात. काकूंच्या घरात हेच मोजमाप निरांजन करत होतं.

कॉइल बदलायची की झाळायची

मशीनमधला उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घेतला. वजन २.९ किलो. सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नसतो, म्हणून काटा खाली ठेवूनच काढायचा. आता वहीचा हिशोब पुरा झाला : मूळचा ४, वरून ९, एकूण १३. उरला २.९. वहीतले आकडे खरे धरले तर १०.१ किलो गॅस हवेत गेला. आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साईडच्या २,०८८ पट आहे. म्हणजे या एका घरातून २१ टन कार्बन डायऑक्साईड सोडल्यासारखं झालं. भारताने २०२१ मध्ये किगाली करार मान्य केला, त्यानुसार या जातीच्या गॅसांचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने खाली आणायचा आहे. ते सरकार आणि कंपन्या करतील. पण दर एप्रिलला तीन-तीन किलो हवेत सोडण्याचं काम आमच्या हातून होतं, ते आम्हीच थांबवायला हवं.

कॉइल बाहेर काढून गच्चीवर नेली, तोंडं बंद केली आणि रबाळ्याहून भरून आणलेला कोरडा नायट्रोजन रेग्युलेटरमधून सोडला. ३०० पीएसआय. (इथे कुणी ऑक्सिजन किंवा कॉम्प्रेसरची हवा वापरू नये. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो, आणि अशाने माणसं गेली आहेत.) साबण लावला तर तेलाचे डाग असलेल्या दोन बेंडवर फेस आला. ते अपेक्षितच होतं. पण कॉइलच्या पत्र्यांच्या आत, जिथे ब्रेझिंगची (झाळण्याची) दांडी पोहोचत नाही, तिथूनही तिसरा बारीक फेस दिसला.

काकांनी विचारलं, "झाळून भागेल का?" मी खरं ते सांगितलं. दोन भोकं मी आज बंद करीन, तिसरं करू शकत नाही, आणि चौथं कधी पडेल ते तांबंच जाणे. एकदा काळं पडून पोखरलेल्या कॉइलवर ब्रेझिंग म्हणजे विरलेल्या साडीला ठिगळ. चार वर्षांत गॅसवर झालेला खर्च काकांनी वहीतून काढला, तर त्यात नव्या कॉइलची निम्म्याहून जास्त किंमत निघाली असती. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नवी मागवा."

कॉइल यायला नऊ दिवस लागले. तेवढे दिवस उघडे पाईप तसेच न ठेवता मी त्यांची तोंडं बंद करून आत थोडा नायट्रोजन भरून ठेवला. आर-४१०ए सोबतचं तेल पाणी फार पटकन शोषतं. आपल्या नवी मुंबईच्या दमट हवेत पाईप दोन तास उघडा राहिला तरी ते तेल ओलं होतं, आणि ओल्या तेलातून आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसर आतून खाल्ला जातो.

या नऊ दिवसांत बाकीची कामं उरकली. रिटर्नची जाळी पुन्हा सहा चौरस फुटांची केली, फिल्टरच्या कडांना पट्टी लावली. ड्रेन बेसिनपासून तोडला. नुसता यू-ट्रॅप लावून मला भागवायचं नव्हतं, कारण हिवाळ्यात मशीन दोन-तीन महिने बंद असतं, ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि गटार पुन्हा उघडं होतं. म्हणून युनिटजवळ ट्रॅप दिला आणि पाईपचं टोक बाल्कनीतल्या न्हाणीच्या जाळीवर चार बोटं अधांतरी सोडलं. आता गटाराचा वास मशीनपर्यंत पोहोचायला वाटच नाही, आणि पाणी थेंब-थेंब पडताना काकांना दिसतं.

गॅस भरण्याचा दिवस

नवी कॉइल बसवताना ब्रेझिंग चालू असेपर्यंत पाईपमधून नायट्रोजनची बारीक धार सोडत राहिलो. नाहीतर आत काळी खपली धरते आणि तीच पुढे व्हॉल्व्हच्या तोंडात अडकते. ओल शोषणारा ड्रायर नवा टाकला. पिना बदलल्या, पितळी टोप्या लावल्या. संध्याकाळी ३०० पीएसआय नायट्रोजन भरून घरी गेलो. सकाळी गेज २९४ वर. माझ्यासोबतच्या मुलाचं तोंड उतरलं. पण आदल्या संध्याकाळी ३३ अंश होते आणि पहाटे २७. सहा अंशांनी बंद नळीतलं प्रेशर बरोबर तेवढंच उतरतं. ऊन चढल्यावर काटा परत ३०० ला आला. हा हिशोब माहीत नसेल तर माणूस नसलेली गळती शोधत दिवस घालवतो.

मग व्हॅक्यूम. यात लोक सगळ्यात जास्त घाई करतात. पंप दहा मिनिटं लावायचा, गेजचा काटा खाली गेला की झालं, असं नसतं. साध्या गेजला पुढचं दिसतच नाही, अगदी बारीक प्रेशर मोजणारं मायक्रॉन मीटर लागतं. बाहेरची हवा म्हणजे ७,६०,००० मायक्रॉन, आणि आपल्याला ५०० च्या खाली जायचं असतं. तेवढ्या खाली गेलं की पाणी तापवावं लागत नाही, उणे वीसच्याही खाली थंड असलं तरी त्याची वाफ होऊन ते निघून जातं. व्हॅक्यूमचं खरं काम हेच, हवेइतकंच पाणी काढणं. आमचं मीटर १,५०० वर येऊन हटून बसलं. म्हणजे आत ओल. नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम तोडला, पुन्हा ओढला, पुन्हा तोडला. तिसऱ्या वेळी ४०० च्या खाली गेलं. पंप बंद करून वीस मिनिटं पाहिलं, ४८० वर जाऊन थांबलं. तेव्हा कुठे मी सिलिंडरला हात लावला.

आर-४१०ए हा आर-३२ आणि आर-१२५ यांचं निम्मं-निम्मं मिश्रण. ते द्रव रूपातच काढायचं, म्हणजे दोन्ही भाग बरोबर येतात. म्हणून सिलिंडर काट्यावर उलटा. मशीन बंद असतानाच लिक्विडच्या बाजूने जितका गेला तितका गेला, साधारण पावणेतीन किलो. उरलेला मशीन चालू करून सक्शनने, पण व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडून, कारण द्रव कॉम्प्रेसरच्या तोंडात गेला तर तो फुटतो. काटा ४ किलोवर आला आणि सिलिंडर बंद केला. प्रेशर बघून अंदाजाने भरलं नाही. आधी वजन, आणि ते बरोबर आहे का ते तपासायला प्रेशर. काढलेला २.९ किलो जुना गॅस परत वापरला नाही. त्यात आधी कुणी काय मिसळलं ते कळायला मार्ग नव्हता, तो शुद्धीकरणाला दिला.

अर्ध्या तासानंतरचे आकडे काकांनीच वहीत लिहून घेतले : सक्शन १२८, पाईप १३ अंश, सुपरहीट ६. लिक्विड ३८५, पाईप ३९, सबकूलिंग साडेसहा. परतीची हवा २६, जाळीतली १६. मी हेच आकडे एका कागदावर लिहून आउटडोअरच्या पॅनेलच्या आत चिकटवले, गॅसचं वजन आणि तारखेसह. पुढे कुणीही आलं तरी त्याला निरोगी मशीन कसं दिसतं ते कळेल.

घरातल्या कुणी हे वाचून स्वतः करायला जाऊ नये. उलट्या सिलिंडरमधला द्रव बोटावर पडला तर कातडी जागच्या जागी गोठते. आणि आजकाल नव्या मशीनमध्ये आर-३२ असतो, तो पेट घेऊ शकतो. त्याच्या कामाची पद्धतच वेगळी. घरच्यांनी एवढंच करावं : येणाऱ्याला वजनकाटा आणलाय का विचारावं, गळती कुठे सापडली ते दाखवायला सांगावं, आणि आकडे लिहून घ्यावेत.

नंतर

ऑगस्टमध्ये सर्व्हिसला गेलो तेव्हा गेज लावलेच नाहीत. जाळीतली हवा साडेसोळा, परतीची २६, पुरेसं होतं. प्रत्येक वेळी पिन उघडली की थोडा गॅस जातो आणि पिन थोडी झिजते, मग कारण नसताना का उघडायची? कॉइल आरशातून पाहिली. तबकाजवळचे बेंड नव्यासारखेच तांबूस होते. काकूंनी निरांजन दाखवलं. श्रावणाच्या सुरुवातीला घासलेलं, अजून पांढरं.

निघताना शेजारच्या घरातले काका फाटकाशी उभे होते. त्यांचं बाथरूमही २०२० मध्ये त्याच प्लंबरने केलेलं, मशीनही तशाच जागी बसवलेलं. त्यांनी गॅस कधी भरला नव्हता, पण "सुरू केल्यावर वास येतो खरा," म्हणाले. शिडी लावून पाहिलं. ड्रेन तसाच बेसिनला जोडलेला. तबकाजवळचं तांबं गडद झालं होतं, काळं अजून नव्हतं. त्याच संध्याकाळी तो पाईप तोडून बाल्कनीत सोडला.